गोठ्यातली गाडी

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ‘आजचा तरुण आणि त्याची कर्तव्ये’ या धर्तीचा एक तरी लेख दरवर्षी असतो. त्या लेखातला तरुण हिमालयासारखा उंच आणि सागरासारखा गंभीर असतो, आणि त्याला ताबडतोब राष्ट्र घडवायचे असते. गेल्या वर्षी मीही असा एक लेख लिहायला घेतला होता. तो पुरा झाला नाही. मध्येच आमच्या गोठ्यात उभी असलेली मोटारसायकल सुरू करायचे खूळ माझ्या डोक्यात शिरले. राष्ट्र घडवण्याचे काम बाजूला राहिले आणि कार्बोरेटर साफ करण्याचे काम पुढे आले. त्या कामात माझी काही मते बनली. ती सर्वांना पटतील असे नाही. परंतु ती मी पुस्तकातून घेतलेली नाहीत, एवढे खात्रीने सांगते.

आमचे गाव कोरेगावपासून अकरा किलोमीटरवर, वाठार स्टेशनच्या वाटेवरून थोडे आत आहे. सकाळचा पहिला तास साडेसातला असतो. एस.टी. वेळेवर आली तर मी पावणेआठला वर्गाच्या दारात असते. वेळेवर आली नाही तर थेट दुसऱ्या तासाला. पहिल्या वर्षी इतिहासाच्या तासाला मी इतक्या वेळा उशिरा पोहोचले, की पेशवाईचा उदय मला अजून नीट ठाऊक नाही. अस्त मात्र पाठ आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आप्पा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे ‘आज तास बुडाला’ हे वाक्य घरी जाऊन सांगणे मला फार जड जाई. आई लगेच विचारी, “मग आज गेलीस कशाला?” तिच्या दृष्टीने तो सरळ हिशेब होता. गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोजगार.

गोठ्यातली गाडी म्हणजे २०१० सालची हिरो होंडा स्प्लेंडर. आप्पांनी ती २०१४ साली जुनी घेतली. सहा वर्षे ती दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकावून डेअरीच्या वाऱ्या करीत होती. २०२० च्या टाळेबंदीत ती उभी राहिली. पुढे आप्पांच्या कमरेचे दुखणे निघाले आणि ती उभीच राहिली. पाच वर्षांत तिच्यावर वैरणीच्या पेंढ्या रचल्या गेल्या, सीटच्या फाटक्या फोममध्ये कोंबडी अंडी घालू लागली, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले आणि उंदरांनी वायरिंग कुरतडले. भंगारवाला दर पावसाळ्याच्या तोंडावर येऊन अडीच हजार सांगून जाई. यंदा आप्पा ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार असतो. म्हणून मला घाई करावी लागली.

मी गाडी दुरुस्त करून चालवणार म्हटल्यावर घरात जे झाले, त्यावरच मला मुख्यतः लिहायचे आहे. चुलती म्हणाली, “पोरीच्या जातीनं गिअरची गाडी? आणि ती पण हातानं खोलून?” याचे मला विशेष वाटले नाही, ते अपेक्षितच होते. पण आप्पा जे बोलले ते लागले. ते म्हणाले, “मी जन्मभर हात काळे केले ते तुझे व्हायला नकोत म्हणून. तुला शिकायला घातलं ते गाड्या खोलायला न्हवं.”

मित्रहो, या वाक्यात आपल्यापैकी निम्म्या घरांचा इतिहास आहे. आपल्या आईवडिलांनी शिक्षण म्हणजे काय असे मानले? शिक्षण म्हणजे हातातून खुरपे, विळा, पाना सुटणे. शिकलेला माणूस तो, ज्याच्या शर्टाची बाही स्वच्छ असते. त्यांचे हे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला उन्हात राबण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, त्याने आपल्या मुलांसाठी सावली मागितली तर त्यात चूक काय? परंतु आपण मुलांनी त्या म्हणण्याचा भलताच अर्थ घेतला. आपण असे समजलो की, हाताने करायचे काम ते बिनडोक लोकांचे, आणि डोक्याने करायचे काम ते पुस्तकवाल्यांचे. परिणाम असा, की बी.ए.च्या वर्गात साठ जण असले तरी गाडीचा प्लग काढून पुसून परत बसवता येणारे चार निघतील की नाही, शंका आहे. गाडी मात्र पुष्कळांकडे आहे. गाडी चालवता येणे आणि गाडी कळणे या दोन गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीवर समाधान मानले आहे.

वास्तविक आपला मुलूख यंत्राला परका नाही. आपल्याच कोरेगाव तालुक्यात सातारारोडला, म्हणजे पाडळीला, १९२२ साली कूपर कारखाना उभा राहिला. तिथे लोखंडी नांगर होत, पुढे डिझेल इंजिने झाली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० सालची. ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते, म्हणजे एका अर्थी आपल्याच कला शाखेचे. आणि त्यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली. ज्यांचे नाव घेतल्याशिवाय सातारा जिल्ह्यातले एकही शैक्षणिक भाषण पुरे होत नाही, ते कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर खपवीत गावोगाव हिंडले होते. कूपर कारखान्याच्या सुरुवातीच्या काळातही त्यांचा सहभाग होता. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या त्या माणसाने ‘कमवा आणि शिका’ सांगितले, ते केवळ फीची सोय व्हावी म्हणून सांगितले, असे मला आता वाटत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनीही हस्तव्यवसायातून शिक्षण हाच विचार मांडला होता. आपण या दोघांच्या तसबिरींना हार घालतो. त्यांचे म्हणणे मात्र तसबिरीच्या काचेआडच राहते.

साताऱ्यातच १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिची ‘प्रिया’ स्कूटर रस्त्यावर धावू लागली. जुने लोक सांगतात, त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. बजाज चेतक आणि लूना दोन्ही १९७२ च्या. येझदी, राजदूत या तेव्हाच्या मोटारसायकली. १९८५ च्या सुमारास हिरो होंडाची सीडी १०० आली, यामाहाची आरएक्स १०० आली. हे सारे सांगायचे कारण एवढेच, की थांबून मिळालेली वस्तू माणूस जपत असे आणि मोडली तर दुरुस्त करीत असे. आता गाडी दसऱ्याला हार घालून, पेढे वाटून हप्त्यावर घरी येते, आणि पुढच्या दसऱ्याच्या आत दोन-तीन हप्ते थकलेले असतात. २०२५ च्या सप्टेंबरात लहान मोटारसायकलींवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला, हे खरे. तरीदेखील रस्त्यावर येईपर्यंत नवी गाडी ऐंशी-नव्वद हजारांच्या पुढेमागे जातेच. आमच्यासारख्या घरात ती रक्कम म्हणजे एका म्हशीपेक्षा मोठी गोष्ट.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पैशांची व्यवस्था अशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर आल्याच्या काढणीला गेले. बावीस दिवस, रोज तीनशे. सहा हजार सहाशे झाले. आईने बचत गटातून आठ हजार उचलले. ते तिने आप्पांना सांगितले नाही. म्हणजे गाडी सुरू झाली नसती तर आईला आठ हजारांचा जाब एकटीला द्यावा लागला असता. हे ओझे रोज पाना हातात घेताना माझ्या मनावर होते.

कोरेगावच्या एका गॅरेजमधल्या मामांनी मला शिकवायचे कबूल केले. अट एकच, की खोलायचे मी, त्यांनी फक्त सांगायचे. मामा आठवीतून शाळा सोडलेले. पण त्यांच्यासारखा क्रमाने विचार करणारा शिक्षक मी क्वचित पाहिला आहे. इंजिन चालायला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. यांतले एकेक तपासत जायचे आणि जे ठीक निघाले ते वगळायचे. तर्कशास्त्राच्या तासाला जे मला महिनाभर समजले नव्हते, ते त्यांच्या ओट्यावर अर्ध्या तासात समजले.

पाच वर्षे बंद असलेल्या गाडीला थेट किक मारायची नाही, हा पहिला धडा. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडे ऑइल सोडायचे, रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी किक हाताने दाबून बघायची. इंजिन जाम असेल तर गंजलेल्या रिंगा ओरखडे पाडतात. आमचे इंजिन फिरले. टाकीतल्या पेट्रोलला रोगणासारखा वास येत होता आणि तळाशी तांबडा गाळ होता. टाकीत डिझेल आणि मूठभर नट-बोल्ट घालून ती मी आणि धाकट्या भावाने तासभर हलवली, तेव्हा आतला गंज सुटला. कार्बोरेटरमधली जेट म्हणजे पितळेचे एवढेसे बोंडूक असते आणि त्याला सुईहून बारीक भोक असते. तेच चिकटले होते. मी तार घालून ते मोकळे करायला निघाले, तेव्हा मामा ओरडले. तारेने भोक मोठे होते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये भिजत घालून हवेने फुंकायचे. घाई केली तर भोक तरी बुजते नाही तर मोठे तरी होते. बॅटरी पार मेलेली होती. परंतु या गाडीची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसल्याने ती किकवर सुरू होते. हॉर्न आणि इंडिकेटरला मात्र बॅटरी लागतेच.

नवव्या दिवशी गाडी सुरू झाली. आधी एक फटका, मग पांढरा धूर, मग तो ओळखीचा टकटक आवाज. आप्पा ओसरीवर बसले होते. ते उठले नाहीत. पण हातातला तंबाखू चोळायचा थांबला, हे मी पाहिले.

इथे मी माझी एक चूक सांगते, कारण चूक लपवून केलेला उपदेश हा उपदेश नव्हे. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात मी ती शेताच्या वाटेवर काढली. मामांनी बजावले होते, “पोरी, आधी ब्रेक बघ. पळायचं काम इंजिन करतं, पण घरी आणायचं काम ब्रेक करतो.” पुढच्या ब्रेकची केबल गंजली होती. नवी शे-सव्वाशेला मिळत होती. तेवढे वाचवून मी सीटचे नवे कव्हर घेतले होते. पाटाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि केबल तुटली. मी गाडीसकट उसाच्या पाटात. कोपर सोलले, एक इंडिकेटर गेला, आणि चुलतीला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला. जुनी गाडी घेतलीत तर पहिला रुपया ब्रेकला, दुसरा टायरला, तिसरा लाईटला. मग इंजिन, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी. आपल्या महाविद्यालयाच्या स्टँडवर उलटा क्रम दिसतो. तिथे सायलेन्सर बदललेला असतो, स्टिकर चमकत असतो आणि टायर मात्र तुळतुळीत असतो.

टायरवरून आठवले. आमच्या गाडीचे टायर दिसायला चांगले होते, नक्षी शाबूत होती. मामांनी बाजूवरचे चार अंकी आकडे दाखवले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावरून टायर बारा वर्षांचा निघाला. वाकवून पाहिला तर रबरात चिराच चिरा. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर शाबूत आहे, असे नसते. वाचकांनी आज घरी जाऊन आपापल्या गाडीचे चार आकडे वाचावेत, अशी विनंती आहे.

यंत्र दुरुस्त करणे सोपे. कागद दुरुस्त करणे अवघड. हा दुसरा धडा मी उशिरा शिकले. गाडी सुरू झाल्यावर कागदांची पिशवी काढली, तेव्हा कळले की आर.सी. बुकावर आप्पांचे नावच नाही. २०१४ साली त्यांनी रोख पैसे दिले, किल्ली घेतली, आणि ‘कागद नंतर करू’ म्हणून ते राहूनच गेले. कायद्याने मालकी बदलल्याचे ठरावीक दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. त्याच्या अर्जांना आपल्याकडे ‘टी.टी. फॉर्म’ म्हणतात. त्यातच नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे ती २०२५ च्या सप्टेंबरातच संपत होती. मूळ मालकाची सही मिळाली नाही, तर पैसे आणि कष्ट दोन्ही पाण्यात.

मूळ मालक रहिमतपूरच्या बाजूला राहतात हे दोन रविवार हिंडल्यावर कळले. मी घाबरतच गेले. वाटले, आता हे पैसे मागतील. झाले उलटेच. ते गृहस्थ म्हणाले, “बाळ, अकरा वर्षं माझ्याच नावावर गाडी फिरतीय. कुठं कुणाला ठोकली असती तर नोटीस मला आली असती, ह्या काळजीनं मी कितीदा तुमचं गाव शोधलं.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. नोंद ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. म्हणजे आप्पांनी सहा वर्षे स्वतःचाच नव्हे, तर एका अनोळखी माणसाचाही जीव टांगणीला लावला होता. आणि दोघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्यांनी सह्या केल्या आणि चहा पाजला. आप्पांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला कुणी सांगितलंच न्हाई.” लिहितावाचता येणाऱ्या मुलीचा घराला उपयोग काय, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ आता हे एक उत्तर आहे.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला माझे सांगणे असे, की पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्या. बुकावरचे नाव विकणाऱ्याचेच आहे का, बुकातला चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरवला आहे का, नोंदणी कधी संपते, हे पाहा. निदान थर्ड पार्टी विमा आणि पी.यू.सी. असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरपट्टीही बसवावी लागते. आणि चालवणाऱ्याचा परवाना व हेल्मेट हे गाडीचेच सुटे भाग आहेत असे समजा.

खर्चाचा हिशेब लपवत नाही. दोन्ही टायर-ट्यूब तीन हजार तीनशे, चेनसेट अकराशे, बॅटरी नऊशे, ब्रेकशू व केबली साडेसहाशे, कोनसेट व पुढचे ऑइलसील सातशे, कार्बोरेटरचे किट, प्लग, ऑइल, फिल्टर मिळून साडेनऊशे, वायरिंग तीनशे आणि मामांची मजुरी दीड हजार. एकूण नऊ हजार चारशे. नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर, नाव बदलणे, विमा, नंबरपट्टी वगैरे मिळून पाच हजार दोनशे. म्हणजे चौदा हजार सहाशे, आणि गाठीला शून्य. सीटचे कव्हर आणि पाटात फुटलेला इंडिकेटर यांचा खर्च माझ्या मूर्खपणाच्या खात्यावर वेगळा मांडला आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला धुराचा. जुनी गाडी हवा बिघडवते, मग तिला जगवायचे कशाला? आक्षेप रास्त आहे. एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ मानकाच्याच गाड्या विकल्या जातात, आणि त्यांच्या मानाने माझी गाडी मळकटच. ती पी.यू.सी.च्या परीक्षेत पास होते, एवढेच मी म्हणू शकते. परंतु नवी गाडी घडवायलाही लोखंड, वीज आणि धूर लागतोच. आणि दिवसाला बावीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी तो सारा खटाटोप करावा का, हा विचारही करायला हवा. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. २०१९ पासून लहान नव्या दुचाकींना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाके धरणारी व्यवस्था सक्तीची झाली. माझ्या गाडीला ती नाही. याला माझ्याकडे सावकाश चालवणे हेच एक उत्तर आहे. मला ते पुरते, कारण मला वेळेवर पोहोचायचे आहे, कोणाच्या पुढे जायचे नाही. तिसरा आक्षेप अभ्यासाचा. तो माझ्या वर्गशिक्षकांनी घेतला आणि तो खरा होता. जुलै महिन्यात माझ्या चाचण्यांचे गुण घसरले. ते भरून काढायला दिवाळीची सुट्टी खर्ची पडली. म्हणून हे काम सुट्टीत करावे, सत्र सुरू असताना करू नये. आणि फ्रेम वाकलेली असेल किंवा कागद नसतील, तर प्रेमात न पडता ती गाडी भंगारात द्यावी. प्रत्येक जुन्या वस्तूला जगण्याचा हक्क असतो, असे माझे म्हणणे नाही.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने घेत नाही, नजरेने घेतात. मुलगी, आणि हाताला ग्रीस! आमच्या गावात मुली शेण उचलतात, उसाला पाणी देतात, डोक्यावर वैरणीचा भारा आणतात. तेव्हा त्यांचे हात कोणाला दिसत नाहीत. पान्याला हात लावला की दिसतात. याचे कारण मला असे वाटते, की शेणाने मुलगी घरातच राहते आणि पान्याने ती घराबाहेर जाऊ शकते. या बाबतीत मी कोणावर रागावलेली नाही. चुलतीला गेल्या महिन्यात दाताच्या दुखण्यासाठी कोरेगावला यायचे होते आणि एस.टी. चुकली होती. ती माझ्या मागे बसून आली. वाटेत एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर “हळूच चालवतीस की,” एवढेच म्हणाली.

आता आप्पांच्या वाक्याकडे परत येते. ‘हात काळे व्हायला नकोत म्हणून तुला शिकवलं.’ मी पुष्कळ विचार केला. आप्पांचे हात काळे झाले ते दुसरा पर्याय नव्हता म्हणून. माझे झाले ते मला जाणून घ्यायचे होते म्हणून. हा फरक मला शिक्षणाने दिला, आणि शिक्षण मला आप्पांच्या काळ्या हातांनी दिले. म्हणजे आप्पांचे म्हणणे खोटे पडले नाही. फक्त ते म्हणणे जिथे थांबते तिथेच आपण थांबावे, असे मला वाटत नाही. हाताने काम करणाऱ्याचे डोके आपण ओळखले नाही, तर आपली पदवी आपल्याच माणसांपासून आपल्याला तोडणारी भिंत होईल. मामांच्या गॅरेजात बसल्यावर मला प्रथमच जाणवले, की मी आप्पांना कधी ‘तुम्ही म्हशीचा आजार कसा ओळखता?’ असे विचारलेच नव्हते. आता विचारते. ते सांगतात, आणि मी वहीत लिहून घेते.

शेवटी एक सूचना, आणि ती प्राचार्य व प्राध्यापक वर्गाने गंभीरपणे घ्यावी अशी विनंती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता कौशल्याचे विषय आपल्यापर्यंत आले आहेत. त्यांतले पुष्कळसे आपण कागदावर शिकतो आणि कागदावरच उत्तीर्ण होतो. त्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी स्टँडजवळच्या झाडाखाली एखाद्या मिस्त्रींना मानाने बोलवावे, त्यांना मानधन द्यावे, आणि एक बंद गाडी मध्ये ठेवून सर्व शाखांच्या मुलामुलींनी ती खोलावी. पाहुण्यांचा परिचय करून देताना ‘आठवी पास’ असे स्पष्ट सांगावे, आणि त्यानंतर टाळ्या वाजवाव्यात.

असो. लेख लांबला. आईचे आठ हजार अजून पुरे फिटलेले नाहीत. दरमहा सातशेप्रमाणे फेड चालू आहे. आप्पांना ती गोष्ट आता कळली आहे. ते काही बोलले नाहीत. परवा रविवारी मी चेन ताणत होते आणि मागच्या चाकाचा नट मला सुटत नव्हता. आप्पा कमरेवर हात ठेवून आले, उकिडवे बसले आणि पान्याला लोखंडी नळीचा तुकडा लावून त्यांनी तो एका झटक्यात सोडवला. मग हात पुसायला त्यांनी माझीच चिंधी मागितली.

गाडी रोज सकाळी सव्वासातपासून आपल्या स्टँडवर, डावीकडच्या कोपऱ्यात उभी असते. ज्यांना बघायची असेल त्यांनी खुशाल बघावी. कोणाचे काही अडलेच, तर दहा-बाराचा पाना सीटखाली आहे. काम झाल्यावर पुसून परत ठेवावा.